अकरा मिनिटं, चाळीस सेकंद

मंगळवारी सकाळी सातला मी दोन बाटल्या भरते,
तपकिरी काचेच्या.
एक, गाव आत येतं तिथली.
एक, गाव नदीला मिळतं तिथली.
मध्ये कोळशाची टाकी.
करवंट्यांचा कोळसा, कुठल्याशा उष्ण बेटावरून
आमच्या या बर्फाच्या खोऱ्यात आलेला.
त्याच्या एका चिमटीत म्हणे
चर्चच्या अंगणाएवढी जागा घडी घालून ठेवलेली असते,
आणि प्रत्येक घडीत काही ना काही अडकतं.

यंत्र बोलत नाही. रेघ काढतं.
सपाट, सपाट, मग एक सुळका,
पुन्हा सपाट.
फेब्रुवारीत तर डोंगररांगच उभी राहते:
हॉटेलं भरलेली, घसरून पडलेल्यांचे गुडघे,
गुडघ्यांची मलमं,
आणि झोपेच्या गोळ्या.
सुट्टीवर आलेल्यांना झोप का लागत नाही, देव जाणे.
नोव्हेंबरात पाहुणे नसतात.
उरतो आम्ही सहाशे चौदा जण
आणि आमच्या बुटक्या टेकड्या.
त्यांतली एक माझी, रक्तदाबाची.
लपवू कुणापासून? मीच मोजते.

कुणी कुणाला पाण्यात पाहतं म्हणतात, तेव्हा तो द्वेष असतो.
मी अख्ख्या गावाला पाण्यात पाहते
आणि मला कुणाचाच राग येत नाही.

अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर
एक होती, अगदी बारीक,
लिटरमागे वीस-पंचवीस नॅनोग्रॅम.
फेफऱ्यावरचं जुनं औषध,
डॉक्टर हल्ली लिहून देत नाहीत,
कुर्दीनला तर त्याचं नावही धड उच्चारता येईना.
म्हणजे गावात एकच कुणीतरी घेत असणार.
एकोणीस वर्षं मी त्या माणसाला ओळखते
आणि ओळखत नाही.
गोळी चुकवत नाही, एवढं ठाऊक आहे.
एका ऑगस्टात पंधरा दिवस गावाबाहेर होता. किंवा होती.
एकदा आकडा दुप्पट झाला आणि वर्षभर उतरलाच नाही.
त्या वर्षी बेकरीच्या रांगेत
मी एकेकाच्या हातांकडे बघत उभी राहायचे,
कापतात का,
मग स्वतःचीच लाज वाटली.
औषधवाल्या उर्सिनाला विचारलं नाही.
तिने सांगितलं नसतं,
आणि सांगितलं असतं तर मला तिचा राग आला असता.

मार्चचा तिसरा मंगळवार.
नदीकडच्या बाटलीत काहीच नाही.
कुर्दीनने टाळी दिली: नवा कोळसा, मेंगिया!
मी आतली बाटली लावली.
अकरा चाळीस. सपाट.
पुन्हा लावली.
कोळशापर्यंत काही आलंच नव्हतं.

घंटा त्या आठवड्यात दोनदा वाजली होती.
एकदा सुतार याखेनसाठी, ब्याण्णव वर्षांचा,
एकदा पुलापलीकडच्या शिक्षिकेसाठी, जिने मला भागाकार शिकवला
आणि शिकवता शिकवता कधी कधी
खिडकीबाहेर बघत थांबायची, वाक्य अर्धं टाकून.
आम्ही पोरं हसायचो.
पण कुणी कूरच्या इस्पितळात गेलं असेल,
कुणाला नवी गोळी मिळाली असेल,
कुणी लेकीकडे राहायला गेलं असेल.
पाणी एवढं सांगत नाही.
पाणी फक्त हजेरी घेतं.

अहवालात लिहायचे शब्द ठरलेले आहेत: आढळले नाही.
त्याचा अर्थ नाही असा होत नाही.
आमच्या मोजण्याच्या रेषेखाली गेलं, इतकाच होतो.
लिहिलं. सही केली. तारीख घातली.

कुर्दीन म्हणतो, ही ओळ यादीतून काढून टाकू,
तुलनेच्या द्रावणाची एक कुपी एकशेचाळीस फ्रँकला पडते.
बरोबर आहे त्याचं.
लार्चची पानं पिवळी होईपर्यंत राहू दे, म्हटलं.

अजून मंगळवारी
दहाव्या मिनिटाला कुर्दीन कॉफीला उठतो.
मी म्हणते, तू हो पुढे.