दोन रेघा

धनजी स्ट्रीटवर, जिन्याखालच्या जागेत
माझा काळा दगड, तेजाबाची बाटली, मेणाचा गोळा
आणि एक टेबललॅम्प,
ज्याची मोडकी मान मीच तारेनं बांधलीय.
रात्री समोरच्या गटारातून झारेकरी गाळ उपसतात,
घमेल्यात फिरवत राहतात
झवेऱ्यांच्या पायपुसण्यांतून निसटलेला दिवस.

माझ्याकडे येतं ते मोडीचं सोनं,
तुटकी साखळी, एकटं कर्णफूल, भांडणातली अंगठी.
नदीचं सोनं वर्षातून एखादा कुणी आणतो,
मूठ घट्ट, आवाज बारीक,
जसा काही रस्ता ऐकतोय.

मी आधी दिवा बंद करतो.
माक्षिक दिव्याच्या जिवावर चमकतं,
सावलीत धरलं की गप्प.
सोन्याला त्याचं काही नाही,
जिन्याखालीही ते तेवढंच पिवळं.
मग हातोडी. माक्षिकाचा भुगा होतो,
सोनं मुकाट्यानं बसतं, पसरतं.
रेघ हिरवट काळी उमटली की मी खडा परत देतो.
एकजण तिथंच पायरीवर बसला होता संध्याकाळपर्यंत.
त्याला दोनदा चहा पाजला.

तांडेलबाई आल्या त्या दुपारी, टोपली विकून.
बोटांना अजून बर्फाचा गारवा.
"विकायचा नाय. फक्त सांगा,
नदीतला हाय का."
नवरा मोरेश्वर, बोटीवर ऑइलमन,
दूरच्या कुठल्या बंदरातून परत आला
तेव्हा खिशात हा खडा.
नदीत पाय धुताना टाचेला लागला म्हणे.
गेल्या आषाढात तो गेला.

खडा तळहातावर ठेवला
आणि हात आपोआप खाली गेला. वजन खरं.
भिंग लावलं.
नदी कडा घासून गोल करते,
खाचांत पांढरी गार अडकवून ठेवते, लाल माती ठेवते.
इथं बुडबुड्यांची भोकं होती,
आणि एक बाजू गुळगुळीत,
उकळतं काहीतरी पाण्यात ओतल्यासारखी.
रेघ ओढली. पिवळी, पण लालीकडे झुकलेली.
नदी मिसळते चांदी.
इतकं तांबं मिसळतो सोनार.
एका खाचेत डाखाचा कणही होता.

भिंग मी डोळ्यावरून काढलंच नाही,
बघण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

त्यांनी पदराची गाठ सोडली.
आत एक पाटली. एकच.
"हिच्यापण बाजूला ओढा."
ओढली.
तेजाबाचा एक थेंब दोघींवर फिरवला.
दोन्ही रेघा सारख्याच फिकटल्या,
एकाच जागी थांबल्या,
शाळेतल्या जुळ्या बहिणींसारख्या.

"दुसरी मोरीत गेली म्हणालेला.
आख्ख्या चाळीनं मोरी खणली, भाऊ,
मुकादमाच्या पोरानं तर नळ फोडला."
आणि त्या हसायला लागल्या.
"म्हणजे नदी आमच्याच मोरीत व्हती!"
हसता हसता खडा उलटा केला, सुलटा केला.
"गहाण टाकली असणार. मग सोडवली.
मग पाटली घेऊन दारात कसा येणार?
मी मारला असता त्याला."
थोड्या वेळानं:
"मारलाच असता."

पैसे विचारले. मी वीस सांगितले.
"आणि रेघेत गेलं ते?"
मी मेणाचा गोळा दाखवला,
वर्षानुवर्षं पुसलेल्या रेघांनी पिवळसर झालेला.
त्यांनी वास घेतला त्याचा, का कोण जाणे,
आणि खडा पाटलीच्या पोटात बसवून
गाठ मारली. दोनदा.

जाताना पायरीवर थांबल्या.
"कुणी विचारलंच तर नदीतला हाय."
मी मान हलवली.
पोतदाराच्या घरात सात पिढ्या
कुणी खोटा कस सांगितलेला नाही.

रात्री दगड मेणानं पुसायचा असतो.
सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, बांगडी घेऊन.
मी दगड उलटा केला
आणि मागच्या बाजूनं काम सुरू केलं.