नव्वद दिवसांत तीन

नियम साधा आहे.
नव्वद दिवसांत तीन उड्डाणं, तीन उतरणं,
नाहीतर हात परके धरले जातात.
माझे चौदा महिने परके आहेत.

इथे सांकवाळला, आमच्या गच्चीवर,
दाबोळीकडे उतरणारं विमान इतकं खाली येतं
की वाळत घातलेल्या चादरीवरून सावली सरकते.
मी ऐकते. आता चाकं सोडली.
आता फ्लॅप शेवटच्या खाचेत.
जरा वर आहेस, मी पुटपुटते, चिमटा दातांत धरून,
आणि जो कोणी असेल तो
ऐकल्यासारखा नाक खाली घेतो.

पत्रात "बिनपगारी रजा" लिहिलं होतं,
जणू मीच मागितली होती.

पहिले दोन महिने घरात पाहुणीसारखी वागले.
साखरेचा डबा कुठे, विचारून घेतला.
रात्री दचकली की शाल्मली बापाकडे जायची,
अंधारात मला ओलांडून, उशी ओलांडावी तशी.
आता न विचारता पाय माझ्या पोटावर टाकते.
आता मला ठाऊक आहे, तिला वाटाणे चालतात
पण भाताला लागलेले नाही,
आणि खोटं बोलताना ती डावा मोजा वर ओढते.

मंगळवारी मेल आला. परत या. तळ दिल्ली.
शुक्रवारपर्यंत कळवा.
नाही कळवलं तर ज्येष्ठता यादीतला
दोनशे चौदावा क्रमांक गळेल
आणि खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतील,
आवाज न करता.
चौथी पट्टी तीनशे तासांवर राहिली होती.

गुरुदास मुरगाव बंदरात टग चालवतो.
डोंगराएवढं जहाज ढकलून धक्क्याला लावतो
आणि जेवायला घरी येतो.
"तू ठरव," म्हणाला.
दिवसभर त्या दोन शब्दांचा राग होता मला.
रात्री पाहिलं, तो भांडी घासत होता,
मघापासून एकच वाटी.

बाबांनी वाळपईची काजूबाग विकली
माझ्या पहिल्या दोनशे तासांसाठी.
एकदाच बसले माझ्या विमानात,
पाणीसुद्धा घेतलं नाही, वेगळे पैसे पडतील म्हणून.
हल्ली फोनवर विचारतात, "जेवलीस?"
त्या प्रश्नामागे दुसरा एक उभा असतो,
चपला काढून, दाराबाहेर.

इनासिननं मासळीची टोपली उतरवली.
"बाय, आतां घराच मगो तूं?"
हो, म्हटलं. सुंगटं घेतली.
मग ध्यानात आलं, तो हो प्रवाशांसाठीच्या आवाजातला होता:
शांत, किंचित खालचा,
खिडकीबाहेर काहीही चाललेलं असो.

गुरुवारी ओहोटीला चिखलीच्या खाडीत गेलो, तिसऱ्या काढायला.
डोक्यावरून विमान गेलं.
घोटाभर चिखलात मी मान वर केली.
शाल्मलीनं नाही.
इथं वाढलेलं मूल वर बघत नाही.
तिला एक तिसरी सापडली होती, मिटलेली,
आणि ती तिच्याशी बोलत होती.

आज शुक्रवार.
पोदेराचा भोंगा, गरम उंडो,
आणि पहिल्याच घासात तिचा हलणारा दात
पावात रुतून बाहेर आला.
लाल ठिपका. मग हसू, मध्ये खिडकी असलेलं.
पहिलं पाऊल मी व्हिडिओत पाहिलं होतं,
हॉटेलच्या खोलीत, तीनदा.
आज मी होते.

यानं काही ठरलं नाही.
दात एका मुठीत धरून दुसऱ्या हातानं
मेल उघडला. "कळवते" लिहिलं. खोडलं.
"नवा कधी येणार?" तिनं विचारलं.
तीन महिने लागतील, म्हटलं. नव्वद दिवस.
ती बोटं मोजू लागली.
दहावर थांबली, जरा विचार केला,
आणि माझे हात मागितले.