जुना साचा

यॉर्कशरमध्ये, हॅलिफॅक्सच्या कालव्याकाठी,
आम्ही बाहुल्यांची डोकी घडवतो.
साचा डेरेकच्या वडिलांच्या वेळचा:
सरळ, आखूड, शेंड्याला जरा उचललेलं नाक.
पाववाला, पोस्टमन, राजा, राजाची लेक,
सगळ्यांना तेच.

वेगळं नाक मिळायचं फक्त चोराला.
ते हातानं कोरायचं, लांब, बाकदार,
आणि रंगात थोडा चहा मिसळायचा.

सहा वर्षं मीच मिसळला.
एकदा ब्रश धुताना आरशात वर पाहिलं,
ब्रश तसाच ठिबकत राहिला.

"मुलांना लगेच कळायला हवं ना,"
डेरेक म्हणाला. माणूस वाईट नाही.
पहिल्या हिवाळ्यात स्वतःचे हातमोजे
काढून दिले होते त्यानं मला.

मग मी बसमध्ये नाकं गोळा करू लागले,
तिकिटांच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
ड्रायव्हर फरझानाचं, चमकी नसलेलं, भोक तेवढं उरलेलं.
भाजीवाल्या ओसेईचं, ऐसपैस,
हसला की गालभर पसरणारं.
विनिफ्रेडच्या नवऱ्याचं, रग्बीत दोनदा मोडलेलं.
राजाच्या लेकीला दिलं
आमच्या मिरजेच्या कुमुदमावशीचं:
ज्या नकट्या नाकावरून
तीन स्थळं चहा पिऊन परत गेली, ते.
पॉलिश पेपरनं घासताना
एक कणही जास्त घासू दिला नाही कुणाला.

जुना साचा टाकवेना.
तो चोराला दिला.

शनिवारी खेळ झाला.
चोर कोण, कळेचना.
पोरं सरकत सरकत पार पुढे आली
आणि प्रत्येकाच्या हातांकडे
बघत बसली.