परत: —

शनिपारामागच्या बोळात माझं दुकान.
तंबू, स्लीपिंग बॅग, दोर भाड्याने मिळतील.
डिपॉझिट रोख. फाटल्यास शिवणावळ वेगळी.
डिसेंबरातल्या एका शुक्रवारी चौघं आले:
हेरंब ओगले, शाल्मली टिळेकर, अझीम तांबोळी,
आणि यशोधन भिंताडे. सही त्याची.
तंबू एक. दोर निळा, तीस मीटर.
परत: रविवार रात्र, असं मीच लिहिलं
आणि ते मी खोडलं, पुढच्या शुक्रवारी.

वेल्ह्यापलीकडची घोणसनाळ उतरून
कोकणात जायचं होतं त्यांना.
तिघं सापडले नाळेच्या तोंडाशी.
जखम म्हणावी अशी कुणाच्या अंगावर नाही.
पातेल्यात भात अर्धा शिजलेला,
बाटल्या पाण्यानं काठोकाठ,
आणि चारही जोड बूट कातळावर ओळीनं,
देवळाबाहेर काढतात तसे.
भिंताडे नाही. दोर नाही.

तेव्हापासून माझ्या काउंटरवरून
रोज कुणी ना कुणी ती नाळ उतरतं.

आग्या मोहोळ, म्हणतात कॉलेजची पोरं,
चूल पेटवली, धूर लागला, उठल्या माश्या.
वीजमंडळातून रिटायर झालेले एक गृहस्थ
त्यांना गप्प करतात. अहो, एक तरी काटा सापडला का?
पावतीच्या पाठीवर दरी काढून दाखवतात:
गार हवा अशी खाली साचते,
गारठलेल्या माणसाला शेवटी उकडायला लागतं,
तो अंगावरचं एकेक काढतो.
काढेल हो, पण ओळीत लावेल?
यावर ते चहा संपवतात.

मुलगी एक, मुलगे तीन,
असं म्हणून एकानं डोळा मारला.
त्याला तंबू शिल्लक नाही म्हटलं.
त्याच्या डोक्यावर सात लटकत होते.

धाकू ढेबे, ज्याला ते आधी दिसले,
एकदा पुण्यात आला होता दाढ काढायला.
फुगल्या गालानं म्हणाला, चकवा.
चकवा लागला की पायताण काढायचं,
डाव्याचं उजव्यात घालायचं, वाट दिसते.
त्यांनी काढलं. घालायचं राहिलं.
मग थुंकायला बाहेर गेला.

मी सगळ्यांना मान डोलावतो.
माश्या तर माश्या. थंडी तर थंडी.
चकवा असेल तर फारच बरं.
त्या डोळा मारणाऱ्याचंसुद्धा रात्री आठवून पाहतो,
बसतंय का कुठे.

कारण दोर मधोमध उसवला होता.
वीतभर. वरचं वेष्टण फक्त, आतला जीव शाबूत,
असं मला वाटलं.
तिथे मी काळी टेप गुंडाळली,
तीन वेढे, आणि गुंडाळी करताना
ती बाजू आत घेतली.

भिंताडेबाई दर डिसेंबरात येतात,
धनकवडीहून, बसने, दुपारी गर्दी नसताना.
पहिल्या वर्षी मला वाटलं, आता विचारतील.
त्यांनी पर्स उघडली.
दोर यायचाय अजून, म्हणाल्या,
भाडं चालूच असेल ना तुमचं?
दिवसाला पंधरा रुपये. मी म्हटलं, बघतो, हिशेब करून ठेवतो.
तेरा वर्षं मी हिशेब करून ठेवतोय.

या वेळी त्या बसल्या नाहीत.
खुंटीवरचा दोर काढून घेतला हातात,
असाच होता का, म्हणत
बोटं फिरवत गेल्या त्याच्यावरून,
वेणी घालताना गुंता चाचपतात तशी,
हळू, एकही बोटाचं पेर न सोडता,
टोकापासून मधापर्यंत.

नवा आहे हो हा, मी म्हटलं.
फार मोठ्यानं म्हटलं असणार,
कारण बोळातलं कुत्रं उठून बसलं.

त्या थांबल्या नाहीत.
अजून पंधरा मीटर बाकी होते.