चार बोटांचा आस

दाभोळला जेटीच्या वरच्या अंगाला
बर्फाचा कारखाना बंद पडला, त्या शेडीत
शमसुद्दीन पावसकरांनी माग उभा केला.
बावीस वर्षं मस्कतला गालिचे सांधले त्यांनी.
काशानकडचा एक म्हातारा शिकवायचा,
रागावला की गाढव म्हणायचा,
हे सांगताना त्यांचा आवाज मऊ होतो.

गाठी मारायला बायका हव्या होत्या.
मी म्हटलं, जन्मभर तेच करतेय.

पण माझी गाठ जाळ्याची,
ती भोक राखते.
यांची गाठ भोक बुजवते.
एका ताण्याला वळसा, शेजारच्याखालून निसटायचं,
वर शेंडी सोडायची, सुरीनं छाटायची.
पहिले आठ दिवस मी सवयीनं इतकं आवळायची
की सुरी अडायची.
"हौसाबाय, मासा पळत नाहीये," चाचा म्हणाले.

रंग ते बसल्या जागी ओरडतात:
दोन लाल, एक निळा, तीन सोडा, परत लाल.
आकडे मात्र तिकडचे. यक, दो, से.
एकदा विचारलं, समुद्राला काय म्हणतात तिथं?
म्हणाले, दर्या.
आणि बोटीच्या धन्याला?
नाखुदा.
आमचा नाखवा! मी पंजा खाली ठेवून हसले.
हा माल आमच्या तोंडात कधीचाच उतरलेला,
कुठल्या गलबतातून कोण जाणे,
जकात न भरता.

पुतणी त्यांची, नाझनीन, पुण्याला डिझाईन शिकली.
चिपळूणहून चौकटींचा मोठा कागद छापून आणला तिनं.
कडेला चाचांची वेलबुट्टी, पानासकट.
मग ती वेल सुटत सुटत
गाळावरच्या रेघा होते,
ओहोटीला खाडीत दिसतात त्या.
आणि मध्ये हातभर जागा कोरी.
नुसता ताणा.
"इथं काय?"
"काही नाही. इथं पाणी."

दोन दिवस चाचा बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी म्हणाले,
उसवलेलं सांधून पोट भरलं मी,
आता मुद्दाम उसवू?
ती म्हणाली, उसवलेलं नाही चाचा, उघडं आहे.
मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले,
जशी काही मी गावकीची पंच.

मी कनवटीची सुई काढली, जाळ्याची.
ऐनाच्या सालीत रंगवलेलं सूत होतं घरी,
सासऱ्याच्या वेळचं, नायलॉन यायच्या आधीचं.
ताण्याला धरून आस घालत गेले.
मापाची पट्टी घेतली नाही,
बोटंच घातली.
चाचांनी वाकून गाठ नखानं उचकून पाहिली.
सुटली नाही.
"गाढव," ते म्हणाले, त्या म्हाताऱ्यासारखं.

गालिचा बंगळूरला गेला, कुणाच्या भिंतीवर.
सोबत द्यायला नाझनीन चिठ्ठी लिहीत होती,
लोकर कुठली, गाठी किती, रंग कशाचे.
मी म्हटलं, हेही लिही:
मधला आस चार बोटांचा.
बांगडा अडकतो.
पिल्लं जातात.