नियम नऊ

मुहर्रक. मोजणीचा तिसरा दिवस.
फितीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं अरुळप्पनकडे,
मधे प्रवाळाच्या दगडांची भिंत.
टेकलो की बाहीला अजून मीठ लागतं.

नगरपालिकेची पुस्तिका माझ्या खिशात आहे, घामाने फुगलेली.
एसीचं यंत्र गल्लीतून दिसता कामा नये.
पाटीवरचं अक्षर वीतभर, त्याहून मोठं नको.
दाराचा रंग तीन नमुन्यांतलाच एक,
आणि तिन्ही मला सारखेच दिसतात.
नियम नऊ : सिमेंट वर्ज्य, फक्त चुना लावावा.

आमच्या बार्शीत हे वाचून दाखवलं
तर अख्खा कट्टा खोकेपर्यंत हसेल.
सरकारच म्हणतंय, लेखी, शिक्क्यासकट :
चुना लावा.

अरुळप्पनला हे सांगून उपयोग नाही.
त्याच्या तिरुनेल्वेलीत चुना म्हणजे चुनाच.
तो हौदावर वाकतो, काठीने ढवळतो,
म्हणतो, अजून आठ दिवस. घाई केली तर फुटतो.
त्याच हौदातली बोटभर
मी तंबाखूत मळत नाही, हे सांगितलेलं बरं.

वरच्या खोलीची रुंदी दहा फूट, जेमतेम.
सगळ्याच खोल्यांची तेवढीच.
आफ्रिकेच्या खाडीतून गलबतावर आलेले वासे
जेवढे लांब, तेवढी खोली.
मालक मोत्यांचा व्यापारी असेना का,
त्याने किती पसरायचं
हे कुठल्याशा चिखलातल्या झाडाने ठरवलं.

त्या खोलीत सात जण राहून गेले.
मोफज्जल शिंपी त्यातला शेवटचा.
नोटीस लागून महिना झाल्यावर
तो इस्त्रीचा पाट न्यायला आला,
चप्पल बाहेर काढून,
जणू आता इथे दुसऱ्या कुणाचं घर आहे.

तो गेल्यावर दिसलं. पाटामागच्या भिंतीवर
पेन्सिलीच्या रेघा, चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
गुडघ्यापासून खांद्यापर्यंत.
दिवस? सदरे? घरी पाठवलेले हप्ते?
पाट खांद्यावर घेऊन तो वळणापलीकडे गेला होता.
मी हाक मारली नाही.

नकाशावर पिवळा म्हणजे काढून टाका.
मोरीतल्या टाइल्स पिवळ्या. पत्र्याचं छप्पर पिवळं.
खुंट्या, वायरी, पंख्याचा हूक, पिवळं, पिवळं.
पुस्तिकेतला शब्द : नंतरची भर.
(मीही तसाच. अकरा वर्षं,
दर दोन वर्षांनी नूतनीकरण,
दर्शनी भागाला बाधा न आणता.)

रेघांपाशी पिवळी पेन्सिल टेकवली
आणि नियम चौदाचा पोटनियम आठवला :
ज्या खुणेचा काळ निश्चित होत नाही
ती पुढील चौकशीपर्यंत जशीच्या तशी ठेवावी.

मी लिहिलं : पृष्ठभागावर रेखांकन.
कर्ता अज्ञात. काळ अनिश्चित.
अज्ञात लिहिताना हात थांबला.
नाव मला माहीत होतं.
कोणत्या चौकात त्याला नवी खोली मिळाली, तेही.

अभियंता मुनीरा संध्याकाळी आल्या,
टॉर्च तिरपा धरून भिंत पाहिली.
मग नकाशा. मग मला.
"अनिश्चित?"
"हो, मॅडम."
खालून कुणीतरी हौदात पाणी ओतल्याचा आवाज.
त्यांनी सही केली, आणि उतरताना
जिन्याची चौथी पायरी बेकायदा उंच आहे
म्हणून मला झापलं.

आता अरुळप्पन लिंपतोय.
चौकोन सोडलाय, हात दीड हात,
कडेने ओला चुना, पांढरा, अजून गरम.
पुढील चौकशी कधी, ते पुस्तिकेत नाही.
मी पानं दोनदा चाळली.