चौथ्या मजल्याची उंची

आमच्या गावाला समुद्र नाही.
पण चौपाटी होती.
तलावाच्या काठाला भेळेच्या चार गाड्या,
रुळावरून हमखास घसरणारी बाळगाडी,
आरशांची खोली, जिच्यात आमची आई
आयुष्यात एकदाच अंगाने भरलेली दिसली,
आणि मैनुद्दीनचाचांचा आकाशपाळणा:
सोळा पेट्या, त्यातली अकरा नंबरची कायम बंद.

आता तिथे 'सागर दर्शन' आहे.
समुद्र सोलापूरपासून तीनशेच्या वर किलोमीटर,
मी म्हटलं, तर सेल्सवाला मुलगा हसला:
"नावाला जीएसटी नाही ना, मॅडम."

सँपल फ्लॅट चौथ्यावर.
लिफ्टला आतून अजून प्लास्टिक गुंडाळलेलं.
नवरा भिंत पेरांनी ठोकून बघतो,
पार्किंग विचारतो, बोअर किती फुटांवर लागलं,
नळाला पाणी किती दिवसांनी.
"सध्या पाच," मुलगा म्हणतो,
आणि घाईने पडदा सारतो:
"हा बघा लेक व्ह्यू!"

मी गप्प होते.
ही उंची माझ्या ओळखीची आहे.

सातवीत होते. नान्ना कारखान्यातून थेट आलेले,
केसांत टॉवेलांचा भुगा, सदऱ्याला खळीचा वास.
एरवी ते ओरडूनच बोलायचे.
मागांच्या खडखडाटात कान गेलेले;
जेवताना मीठ मागितलं
तर शेजारची सत्तम्मा वाटी घेऊन यायची.

आमची पेटी अगदी वर गेली
आणि लाइट गेली.
जनरेटर होता, डिझेल नव्हतं.
खालून चाचा ओरडले, "हलू नका कुणी!
उतरवतो सगळ्यांना, हाताने."
आणि दोघं पोरं लोखंडाला लोंबकळली.
एक पेटी रिकामी केली की तिच्या समोरची,
वजन जुळवत, तराजूत शेंगा तोलाव्या तसं.
खालच्या पेटीत एक बाई देवाचं नाव घेत होती,
मग देवाला शिव्या देऊ लागली.

आणि वर नान्ना हळू बोलायला लागले.
इतकं हळू, की मला कान जवळ न्यावा लागला.
"पिल्ला, ती चिमणी दिसते? तिच्याखाली माझा बाप.
ती बंद. तीपण बंद.
त्या पत्र्यांमागे आपलं घर. बघ, केवढंसं."
कदाचित त्यांना वाटत असेल,
आपण मनातच बोलतोय.
सुरतेचं सांगितलं, तिथे पळून जायचं होतं ते,
स्टेशनपर्यंत गेलेही होते.
पुढचं एक वाक्य मी आईला अजून सांगितलेलं नाही.
तिच्या सुपातल्या हजार विड्या मोजताना
कितीदा ओठांवर आलं.

चाळीस मिनिटांनी पाय जमिनीला लागले
आणि नान्ना गरजले, "पैसे परत दे बे!"
चाचांनी दहातले पाच परत दिले.
घरापर्यंत ते तसेच ओरडत आले,
त्यातलं निम्मं तलावाला उद्देशून.

"त्रेचाळीस लाख, प्लस मेंटेनन्स,"
मुलगा काच ओढून घेतो.
खालच्या कटरचा आवाज कापल्यासारखा थांबतो.
"साउंडप्रूफ."
समोर पाणी, जलपर्णी, पलीकडे टॉवर.
चिमणी एकही नाही.
मी कधी काचेला कान लावला, मलाही कळलं नाही.
नवरा हप्ता मोजता मोजता थांबतो.
"काय झालं?"

जरा मोठ्यानेच विचारते मी त्या मुलाला,
"लाइट गेली तर खाली कसं उतरवता?"

"बॅकअप आहे, मॅडम.
दहा सेकंदांत लिफ्ट चालू."

दहा सेकंद.
तेवढ्यात नान्नांचा घसासुद्धा
खाकरून झाला नसता.